ट्रक दिसले, निर्णय दिसला नाही

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद पडलेल्या युनियन कार्बाईड कारखान्याच्या आवारातून बारा कंटेनर बाहेर पडले. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. पुढे-मागे पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल यांचा ताफा होता. सुमारे अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवण्यात आला होता. पहाटेपूर्वी हा ताफा इंदूर शहराला बाहेरून वळसा घालून पिथमपूरच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचला. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे या ताफ्याच्या मागावर होते. कंटेनर कसे भरले, चालकांनी कोणता पोशाख केला, ताफा कोठून निघाला आणि कोठे पोहोचला, हे सारे देशाने घरबसल्या पाहिले. मात्र हा कचरा पिथमपुरातच का जाळावयाचा, भट्टीतून निघणाऱ्या धुराचे आणि मागे उरणाऱ्या राखेचे काय होणार, आणि हे कोणी, कोणत्या आधारावर ठरविले, हे त्या चित्रांत कोठेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे ३ जानेवारीला, पिथमपूर बंद पडले. लोक रस्त्यावर आले, लाठीमार झाला, आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. ६ जानेवारीला राज्य सरकारने उच्च न्यायालयापुढे जाऊन मुदत मागितली. खोट्या बातम्या आणि अफवा यांमुळे लोक बिथरले, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. न्यायालयाने सहा आठवडे दिले. त्यानंतर मात्र सरकारी अधिकारी गावोगाव फिरून लोकांची समजूत घालू लागले. अफवा पसरल्या हे आम्हांस नाकारावयाचे नाही. परंतु अफवेला मोकळे रान कोणी करून दिले, हा प्रश्न विचारावयास हवा. ज्या गोष्टीची अधिकृत हकीकत लोकांना आधी कळलेलीच नसते, तिची अनधिकृत हकीकत लोक आपापल्या परीने रचून घेतात. त्यात नवल काय?

हा निर्णय काही एका रात्रीत झालेला नव्हता. १९८४ च्या डिसेंबरातील त्या भीषण रात्रीनंतर हा कचरा चाळीस वर्षे तेथेच पडून होता. तो हलवावा यासाठी २००४ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पुढे तो गुजरातमधील अंकलेश्वरला पाठविण्याचे ठरले, पण गुजरातने माघार घेतली. नागपूरजवळच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळण्याचे ठरले, तेव्हा आपल्या महाराष्ट्राने नकार दिला. २०१२ मध्ये तो विमानाने जर्मनीला नेण्याची योजना निघाली, तीही बारगळली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पिथमपुरात दहा टन कचरा प्रयोगादाखल जाळून पाहण्यात आला. अखेर ३ डिसेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने शासनाच्या निष्क्रियतेवर कडक ताशेरे ओढून चार आठवड्यांत कचरा हलविण्याचा आदेश दिला. म्हणजे वीस वर्षे हा विषय न्यायालयांत, मंत्रालयांत, तज्ज्ञांच्या समित्यांत घोळत होता. या वीस वर्षांत एखाद्या सभागृहात पिथमपूरचे कामगार, तारपुऱ्याचे गावकरी आणि इंदूरचे डॉक्टर एका बाजूला, आणि ज्यांनी २०१५ चा प्रयोग केला ते शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला, असे समोरासमोर बसले असते, आणि ते सारे दूरदर्शनवर अथपासून इतिपर्यंत दाखविले गेले असते, तर ३ जानेवारीचा दिवस उजाडला असता काय?

इंदूरकरांची भीती पोकळ होती असेही म्हणता येत नाही. गंभीर नदीचे पाणी यशवंत सागरात येते. होळकरांच्या राजवटीत बांधलेल्या या तलावातून आजही इंदूरच्या काही भागाला पाणीपुरवठा होतो. पिथमपूरची माती आणि पाणी बिघडले, तर ते आपल्या नळापर्यंत यावयास किती वेळ लागेल, हा प्रश्न एखाद्या सामान्य गृहिणीने विचारला तर तिला अडाणी म्हणणे हा शहाणपणा नव्हे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटनाच न्यायालयात गेली होती, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे फेब्रुवारी आणि मार्च २०२५ मध्ये दहा-दहा टनांच्या तीन फेऱ्यांत चाचणी झाली. पहिल्या फेरीत तासाला १३५ किलो, दुसरीत १८०, तिसरीत २७० असा वेग ठेवण्यात आला. धुराचे मोजमाप मर्यादेच्या आत आल्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले, आणि ३० जूनपर्यंत उरलेला सारा कचरा जाळून झाला. ही आकडेवारी जानेवारीतच, ट्रक निघण्यापूर्वी, लोकांपुढे नियोजन म्हणून ठेवता आली नसती काय? ठेवता आली असती. पण ती ठेवण्याची जागाच आपल्या राज्यकारभारात नाही, हे खरे दुखणे आहे.

यावर कोणी म्हणेल की, आपल्याकडे कारभार दूरदर्शनवर दिसत नाही असे कसे म्हणता? संसद दिसते, न्यायालये दिसतात, आणखी काय दाखवावयाचे राहिले? या म्हणण्याचा विचार करताना पुन्हा इंदूरकडेच यावे लागते.

श्रीमती सुमित्रा महाजन या मूळच्या आपल्या चिपळूणच्या. विवाहानंतर इंदूरला गेल्या, इंदूरच्या 'ताई' झाल्या, आणि १९८९ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वेळा त्या शहराने त्यांना लोकसभेत पाठविले. ज्या लोकसभेत त्या पहिल्यांदा गेल्या, त्याच लोकसभेच्या आरंभी, २० डिसेंबर १९८९ रोजी, राष्ट्रपतींचे अभिभाषण दूरदर्शनवरून प्रथमच थेट दाखविण्यात आले. १९९१ च्या अखेरीस प्रश्नोत्तराचा तास दिसू लागला. १९९२ मध्ये अर्थसंकल्पाचे भाषण थेट ऐकावयास मिळाले. २००६ च्या जुलैमध्ये सभापती सोमनाथ चटर्जी यांच्या पुढाकाराने लोकसभेची स्वतःची वाहिनी सुरू झाली. २०१४ ते २०१९ या काळात त्याच सुमित्राताई सभापतीच्या आसनावर होत्या, आणि चिपळूणच्या एखाद्या माजघरात बसून लोक आपल्या माहेरवाशिणीला सभागृह आवरताना पाहत होते. २०२१ च्या सप्टेंबरात दोन्ही सभागृहांच्या वाहिन्या एकत्र करून संसद टीव्ही निघाला. एका खासदाराच्या कारकिर्दीएवढ्या काळात आपली संसद बंद दारातून घराघरांत आली, ही गोष्ट लहान नव्हे.

पण काय आले? भाषणे आली, घोषणा आल्या, गदारोळ आला. गदारोळ वाढला की कॅमेरा आसनाकडे वळवावयाचा, अशीही पद्धत पडली. १८ फेब्रुवारी २०१४ रोजी तेलंगणाचे विधेयक मंजूर होत असताना तर प्रक्षेपणच थांबले होते. देशाचा नकाशा बदलत असताना देशाला चित्र दिसेना, याहून बोलकी गोष्ट कोणती? आणि जेथे खरे काम होते त्या समित्या आजही पडद्याआडच आहेत. १९९३ मध्ये खात्यांशी निगडित स्थायी समित्या स्थापन झाल्या. विधेयकांची चिकित्सा, सचिवांची उलटतपासणी, तज्ज्ञांच्या साक्षी हे सारे तेथे चालते. लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीच्या बैठका खाजगीत होतात, आणि अहवाल सभागृहापुढे येईपर्यंत तेथील साक्ष बाहेर सांगता येत नाही. म्हणजे भाषण सर्वांसाठी आणि चौकशी मूठभरांसाठी, अशी ही विभागणी आहे.

या गुप्ततेच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद केला जातो. तो असा की, दार बंद असले म्हणजे सदस्य पक्षाचा झेंडा बाहेर ठेवून बोलतात, कॅमेरा लागला की तेच सदस्य प्रेक्षकांसाठी बोलू लागतील. यात तथ्य आहे. सभागृहाचे जे झाले ते समित्यांचेही होईल ही भीती निराधार नाही. परंतु समितीच्या कामाचे दोन भाग असतात. सदस्यांनी आपसांत विचारविनिमय करावयाचा तो एक, आणि अधिकाऱ्यांची व तज्ज्ञांची साक्ष ऐकावयाची तो दुसरा. पहिला खुशाल बंद दाराआड व्हावा. दुसऱ्याचे तसे नाही. सचिव जनतेच्या पैशाचा हिशेब देत असताना जनतेने तो ऐकू नये, याचे समर्थन आम्हांस तरी सापडत नाही. ब्रिटनमध्ये १९८९ च्या नोव्हेंबरपासून संसदेच्या कनिष्ठ सभागृहात कॅमेरे आले आणि तेथील समित्यांच्या साक्षी लोक पाहू लागले. अमेरिकेत १९७३ च्या मे महिन्यात सिनेटच्या समितीने वॉटरगेट प्रकरणाची सुनावणी सुरू केली, तेव्हा दिवसा चाललेले कामकाज सार्वजनिक वाहिनी रात्री पुन्हा अथपासून दाखवीत असे, जेणेकरून कामावरून घरी आलेल्या माणसालाही ते संपूर्ण पाहता यावे. 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

न्यायालयांच्या बाबतीत आपण संसदेपेक्षा पुढे गेलो आहोत. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण व्हावे असा निर्णय दिला. त्या खंडपीठात सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्यासमवेत न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड हे दोघे मराठी न्यायाधीश होते. मुख्य निकाल खानविलकरांनी लिहिला, आणि तत्पूर्वी ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निर्णय अंमलात यावयास चार वर्षे लागली हे खरे. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांचे कामकाज दिसू लागले, आणि पहिल्याच दिवशी जी प्रकरणे दाखविली गेली त्यांत महाराष्ट्रातील शिवसेनेच्या फुटीचे प्रकरण होते. ज्या महाराष्ट्राने गुवाहाटीच्या हॉटेलांची चित्रे दिवसच्या दिवस पाहिली होती, त्याला प्रथमच दहाव्या परिशिष्टावरील युक्तिवाद ऐकावयास मिळाला. अनेकांना तो कंटाळवाणा वाटला. वाटू द्या. राज्यघटना ही मनोरंजनासाठी लिहिलेली नाही.

मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २०२१ मध्येच आपले नियम करून जबलपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील कामकाज थेट दाखविण्यास आरंभ केला होता. इंदूरचा पक्षकार आपला खटला आता घरून पाहू शकत होता. मग दुसरी गोष्ट घडली. न्यायाधीशांचा एखादा रागाचा शब्द, एखाद्या वकिलाची फजिती, एखाद्या बिचाऱ्या अधिकाऱ्याची ततपप, एवढेच तुकडे कापून, त्यांना संगीत लावून, विनोदी मथळे देऊन ते रील म्हणून फिरू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये या उच्च न्यायालयाने अशा काटछाटीला मनाई केली. त्यानेही भागेना, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये फौजदारी प्रकरणांचे थेट प्रक्षेपणच अंतरिम आदेशाने थांबविण्यात आले. आरोपीची अप्रतिष्ठा टाळण्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. पीडित स्त्रियांच्या आणि मुलांच्या खटल्यांत तर तो अत्यावश्यकच आहे. परंतु चोरट्याने खिडकीतून हात घातला म्हणून खिडकीच भिंतीने बुजवावयाची, हा उपाय शेवटचा असावा. रील बनविणाऱ्याला आवरणे अवघड असते, प्रक्षेपण बंद करणे सोपे असते. शासन आणि न्यायालये सोप्या वाटेला लागली की नुकसान नेहमी सरळ माणसाचे होते. ज्याला तुकडा हवा असतो तो कोठून तरी मिळवितोच. ज्याला संपूर्ण सुनावणी पाहावयाची असते त्याला मात्र दुसरा मार्ग उरत नाही.

तुकड्यांचे हे राज्य न्यायालयापुरते मर्यादित नाही. मध्य प्रदेशात दर मंगळवारी जिल्हाधिकारी कचेरीत 'जनसुनवाई' असते. इंदूरच्या कचेरीतही त्या दिवशी अर्ज हातात धरून लोकांची रांग लागते. कोणाचे निवृत्तिवेतन अडलेले असते, कोणाच्या शेताची वाट शेजाऱ्याने बंद केलेली असते. कल्पना उत्तम आहे. राजा भोजाच्या आणि अहल्यादेवींच्या माळव्यात दाद मागणाऱ्याला दार उघडे असावे हे शोभूनही दिसते. पण २०२४ च्या जुलैमध्ये मंदसौरच्या कचेरीत एक वृद्ध शेतकरी जमिनीवर लोळत गेला, तेव्हाच देशाला त्या मंगळवारची ओळख झाली. दोन महिन्यांनी नीमचमध्ये एक जण आपल्या जुन्या अर्जांची माळ करून सरपटत आत गेला. दोन्ही चित्रे घरोघरी पोहोचली. प्रशासनाने नंतर आपली बाजूही मांडली, ती किती जणांनी ऐकली? त्या दोन तक्रारींत खरे काय आणि खोटे काय याचा निवाडा आम्ही येथे बसून करू शकत नाही, आणि ते चित्र पाहणारे लक्षावधी लोकही करू शकत नव्हते. लोळल्यावाचून कॅमेरा येत नाही, हा धडा मात्र सर्वांनी घेतला. जी सुनावणी रीतसर, शांतपणे आणि नोंद ठेवून व्हावी, तिला तमाशाचे रूप आले ते अर्जदाराच्या हौसेमुळे नव्हे. साध्या शब्दांत केलेल्या तक्रारीचे पुढे काय झाले हे कोठे दिसत नाही, म्हणून.

हे सारे माळव्यात घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस वाटण्याचा संभव आहे. संबंध फार जवळचा आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांसाठी जी जनसुनावणी होते, तिचे संपूर्ण चित्रण करणे प्रदूषण मंडळावर बंधनकारक आहे. किमान तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावयाची, जिल्हाधिकाऱ्याने किंवा त्याच्या प्रतिनिधीने अध्यक्षस्थानी बसावयाचे, आणि इतिवृत्तासोबत चित्रफितीची प्रत वर पाठवावयाची, असा नियम आहे. म्हणजे ज्याची मागणी आम्ही करीत आहोत ते चित्रण कायद्याने होतच आहे. कॅमेरा असतो, चित्रकार असतो, त्याचे बिलही निघते. ती फीत मग फायलीला लागते, आणि फाईल कपाटात जाते.

१६ मे २०१० रोजी माडबनला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी झाली. पर्यावरण अहवाल मराठीत आणि वेळेवर मिळाला नाही, ही ग्रामस्थांची मुख्य तक्रार होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ३५ अटी घालून प्रकल्पाला पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. त्या दिवशी माडबनच्या मांडवात कोणी कोणता प्रश्न विचारला, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिले, कोणत्या प्रश्नाला उत्तरच दिले नाही, हे आज राजापूर तालुक्यातील किती घरांना ठाऊक आहे? आंदोलनाची चित्रे मात्र सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. गोव्यात ७ मार्च २०२१ रोजी किनारी क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यावर सुनावणी झाली. लोकांना बोलण्यास पुरेसा वेळ मिळाला नाही म्हणून ती गाजली, आणि ८ जुलैला पुन्हा घ्यावी लागली. ज्या आराखड्यात रापणकाराची होडी ओढण्याची जागा, खाजनाची हद्द आणि आपल्या देवळामागची वाळूची टेकडी रेषेच्या आत की बाहेर हे ठरते, त्याची चर्चा पाच मिनिटांच्या भाषणांत उरकण्याची घाई कोणाला होती?

आमचे मागणे मोठे नाही, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. कायद्याने जे चित्रण होते ते आठ दिवसांच्या आत, काटछाट न करता, वक्त्यांच्या नावांची अनुक्रमणिका जोडून, जिल्हाधिकारी कचेरीच्या संकेतस्थळावर ठेवावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या चौथ्या कलमात सरकारने माहिती आपणहून जाहीर करावी असेच सांगितले आहे, त्यासाठी अर्जही लागू नये. दूरदर्शनच्या पणजी आणि मुंबई केंद्रांनी अशा सुनावण्या रात्री संपूर्ण दाखवाव्यात. त्या पाहणारे थोडे असतील, पण ज्यांची जमीन जावयाची आहे ते नक्की पाहतील, आणि जो अधिकारी खोटे उत्तर देणार आहे त्यालाही ते ठाऊक असेल. भाषा मराठी किंवा कोकणी असावी, निदान खाली मथळे तरी असावेत. इंग्रजी अहवाल वाचून दाखवून सही घेण्याचे दिवस गेले, असे आपण समजतो. माडबनच्या सुनावणीने ते गेले नव्हते हे दाखविले. आणि तुकडे फिरतील म्हणून भ्यावयाचे कारण नाही. अर्धवट तुकड्याला उत्तर म्हणून दाखविता येईल असे संपूर्ण चित्रण जनतेच्या हाती असले, म्हणजे तुकड्याची किंमत आपोआप उतरते. ते नसले, म्हणजे तुकडाच पुरावा होऊन बसतो.

पिथमपूरचा कचरा जळून गेला तरी त्याची शेकडो टन राख मागे उरली. ती कोठे पुरावयाची, हा वाद पुढे न्यायालयापुढे गेला. या वेळी तरी तारपुऱ्याच्या गावकऱ्यांना नकाशा समोर ठेवून, त्यांच्या भाषेत, कॅमेऱ्यासमक्ष सारे सांगण्यास मध्य प्रदेश सरकारला कोणाची हरकत असू नये. आणि आपल्याकडे २०१९ च्या किनारपट्टी अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक किनारी राज्याला आपला आराखडा नव्याने करून लोकांपुढे ठेवणे भाग आहे. तुमच्या तालुक्याच्या सुनावणीची नोटीस लागली की तेथे जा, बोला, आणि बाहेर पडण्यापूर्वी त्या दिवशीच्या चित्रफितीची प्रत कोठे आणि केव्हा मिळेल, हे अध्यक्षांना सर्वांदेखत विचारा.